समास सोडायला शिका : लेखनक्रियानिरूपण आणि आपलं जंक जर्नल



आजचा पाठ : श्रीमद् दासबोध, दशक 19, समास 1, लेखनक्रियानिरूपण.

दासबोधात 20 दशक, 200 समास आणि 7751 ओव्या आहेत. माया, ब्रह्म, आत्मा, नवविधा भक्ती असं सगळं पार करत आपण एकोणिसाव्या दशकापर्यंत येतो, आणि समर्थ एकदम विषय बदलतात. वही कशी लिहावी, कागद कसा आणावा, बोरू कुठला घ्यावा, खळ, कात्री, सुरी काय काय जवळ असावं, हे सांगायला लागतात. अवघ्या 20 ओव्यांचा समास. "हे तर शाळेतलं शुद्धलेखन" असं म्हणून बरेच जण तो भरभर वाचून पुढे जातात.

आज आपण तिथे थांबूया. कारण आपल्यातल्या कितीतरी जणांना सध्या जंक जर्नलचं वेड लागलंय. जुनी तिकिटं, पाकिटं, पत्रिका, कापडाचे तुकडे, वाळलेली फुलं हे सगळं वापरून हाताने शिवलेली वही म्हणजे जंक जर्नल. आणि ही वही कशी करावी याचं मराठीतलं सगळ्यात जुनं आणि नेमकं मार्गदर्शन जे मला ठाऊक आहे, ते याच समासात आहे!

समर्थ काय सांगतात?

ओव्यांचा भावार्थ माझ्या शब्दांत देते. मूळ समास पाच मिनिटांत वाचून होतो, तो जरूर वाचा.

अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं असावं. ओळी मोत्यांच्या माळेसारख्या दिसाव्यात. पहिलं अक्षर काढलं तसंच शेवटचं असावं, सगळा ग्रंथ एकाच टाकाने लिहिल्यासारखा वाटावा. पानावर आधी शिशाने रेघा आखून घ्याव्यात. दोन ओळींमधलं अंतर कुठे जास्त, कुठे कमी होऊ नये.

मग दोन गोष्टी अशा येतात की मी दर वेळी तिथे अडखळते.

पहिली : तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते उपयोगाला येत नाही. मध्यम आकाराचं लिहावं. म्हणजे लिहितानाच, आपल्याला चाळिशी लागेल तेव्हा हे वाचता येईल का, याचा विचार करायचा.

दुसरी : पानाच्या चारी बाजूंनी जागा सोडावी आणि मध्ये लिहावं. का? तर कागद कडेने झिजतो, झडतो. कडा गेल्या तरी अक्षराला धक्का लागू नये.

ही कोरी जागा म्हणजे आपल्या वहीतला समास. गंमत बघा, दासबोधाच्या प्रकरणालाही समास म्हणतात आणि पानाच्या कडेला सोडलेल्या पट्टीलाही आपण समासच म्हणतो. शाळेत बाईंनी लाल पेनने आखायला लावलेली ती रेघ आठवतेय ना? तीच.

पुढच्या ओव्यांमध्ये सामान येतं. घट्ट कागद आणून त्याला खळ लावून घोटावा. सुऱ्या, कात्र्या जवळ असाव्यात. वेगवेगळ्या प्रांतांतले बोरू आणावेत. शाई आणि हिंगूळ साठवून ठेवावं. चित्रं काढावीत. आणि शेवटी पुस्तक जपण्यासाठी गोफ, बासनं, मेणकापड, पेट्या, अगदी कुलुपंसुद्धा!

ज्या महापुरुषाने देहाला क्षणभंगुर म्हटलं, तो पुस्तकाला मेणकापडात बांधायला सांगतो. यात विरोध नाही. देह जाणार हे पक्कं ठाऊक असलेला माणूसच मागच्यांसाठी नीट लिहून ठेवतो. आजच्या चिंतनाचा गाभा एवढाच आहे : वही आपल्यासाठी नसते, ती पुढच्या हातांसाठी असते. म्हणून गाळून घ्या, आणि जागा सोडा.

आपल्याकडचं जंक जर्नल : बाड

हा प्रकार परदेशातून आला असं वाटतं खरं. पण आपल्या मठांमध्ये आणि घरांमध्ये 'बाड' असायचं. आडव्या घडणीची, लांबोळकी, शिवलेली हस्तलिखित वही. त्यात एका पानावर अभंग, पुढच्यावर आरती, मग एखादं पद, कुठे औषधाचा उतारा, कुठे हिशेब. ज्याला जे मोलाचं वाटलं ते त्याने उतरवून ठेवलं. सगळं एका हाताचं असेलच असंही नाही. बापानंतर मुलाने, गुरूनंतर शिष्याने पुढे लिहीत जायचं.

धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात अशी रामदासी बाडं जपून ठेवली आहेत. शंकर श्रीकृष्ण देव यांनी गावोगावच्या मठांमधून ती गोळा केली. समर्थांच्या हातचं मानलं जाणारं वाल्मीकी रामायणही तिथे आहे. कधी धुळ्याला गेलात तर नक्की बघा. मठांच्या कोनाड्यांत, माळ्यांवर पडलेले हे कागद कुणीतरी 'रद्दी' म्हणून टाकले असते, तर समर्थ संप्रदायाचा केवढा तरी इतिहास आपल्या हातून गेला असता.

आणि कापडातलं जंक जर्नल तर आपल्या प्रत्येकाच्या घरात होतं. वाकळ! जुनी लुगडी, धोतरं, सदरे एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवलेली. जनाबाईंची कथा आठवा. पांडुरंग रात्री तिच्याकडे आला आणि पहाटे घाईघाईत आपला शेला तिथेच विसरून तिची वाकळ पांघरून देवळात जाऊन उभा राहिला. चिंध्यांची वाकळ देवाला चालली. ती प्रेमाने शिवलेली होती, एवढंच त्याने पाहिलं.

माणदेशातला एक डबा

आमचं गाव माण तालुक्यात. साताऱ्याहून पंढरपूरला जाताना दहिवडी लागते, पुढे गोंदवले, मग म्हसवड. पर्जन्यछायेचा मुलूख. इथे वस्तू टाकून द्यायची रीत नाही, कारण दुसरी कधी मिळेल याची खात्री नसते. गोंदवल्याचे श्रीब्रह्मचैतन्य महाराज (1845–1913) याच मातीतले. 1876च्या दुष्काळात त्यांनी उपाशी लोकांना शेतात काम देऊन भाकरी खाऊ घातली, आणि कसायाकडे चाललेल्या गायी सोडवून आणून सांभाळल्या, असं त्यांच्या चरित्रात आपण वाचतो. जगाने टाकलेलं उचलून जवळ करायचं, हे या भूमीतलं शिक्षण आहे.

आज्जी गेली त्यानंतर घर आवरताना तिचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. आत कागदच कागद. शिखर शिंगणापूरच्या अभिषेकाची पावती. कंडक्टरने पंच मारलेली एसटीची जुनी तिकिटं. एका लग्नपत्रिकेचा अर्धा तुकडा, गणपती असलेला. आजोबांच्या धाकट्या भावाची पोस्टकार्डं. ते गलाईच्या धंद्यात दूर दक्षिणेत होते. माण, खानापूर, आटपाडी भागातली कितीतरी माणसं जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. आणि 2013च्या दुष्काळातला, चारा छावणीचा एक कागद. त्यावर आमच्या जनावरांची नोंद : दोन गायी, एक बैल, एक कालवड.

सगळ्यात खाली एक वही. चौथीपर्यंत शिकलेल्या माझ्या आज्जीने तिच्यात हरिपाठ उतरवला होता आणि मागच्या पानांवर रामनाम लिहिलं होतं.

तात्या, म्हणजे माझे थोरले चुलते, म्हणाले, "कागदच हायेत बाय. कसर लागलीय सगळ्याला. नदीत सोडू, न्हायतर जाळू. ठिवून काय करायचं?"

त्यांचंही खरं होतं. त्या घरात आता कुणी राहणार नव्हतं, कागद कुणाच्या तरी माळ्यावर जाणार आणि तिथे पुन्हा कसर खाणार. मी वही उघडली. चारी कडा कसरीने कुरतडलेल्या होत्या, काही पानांची टोकं हातात आली. पण आज्जीने प्रत्येक पानावर पट्टीने रेघ मारून दोन बोटं समास सोडला होता. कसर तिथपर्यंतच आली होती. आतलं एकही अक्षर गेलं नव्हतं! अक्षरही मोठं, टपोरं. शेवटच्या वर्षांत मोतीबिंदू असतानाही ती ते वाचत असे.

मी वही तात्यांसमोर धरली. त्यांनी एक पान वाचलं, मग दुसरं. म्हणाले, "घिऊन जा. पर नीट कर कायतरी."

ते 'नीट कर कायतरी' म्हणजे पुढची पद्धत.

पहिली वही : कशी करायची?

सगळं सामान घरातच मिळेल. ऑनलाइन 'जुन्या' तिकिटांची आणि पत्रांची छापील पाकिटं विकत मिळतात, त्यांची गरज नाही. दुसऱ्याच्या खोट्या आठवणी विकत घेऊन काय करणार?

1. गाळा. गलाईवाला सगळंच ठेवत नाही. डबा ओता आणि प्रत्येक कागदाला एकच प्रश्न विचारा : याच्यामागची गोष्ट मी कुणाला सांगू शकते का? सांगता येत असेल तर ठेवा. पहिल्या वहीला 10-12 वस्तू पुरेत. जुने कागद कसर लागलेले असतील तर मऊ ब्रशने झटका आणि सावलीत मोकळे ठेवा. टाचण्या, स्टेपलच्या पिना काढून टाका, त्या गंजून कागद खातात.

2. पानं. एका बाजूने कोरे राहिलेले, जरा जाड असे ए-4 आकाराचे 8 कागद घ्या. वर्तमानपत्राचा कागद नको, तो लवकर पिवळा पडून तुटतो. एकेक कागद मधोमध दुमडा आणि घडीवर स्टीलच्या चमच्याची पाठ दाबून फिरवा. समर्थ सांगतात ते घोटणं आपल्या परीने असं करायचं. मग सगळे एकात एक घाला. झाली 16 पानं. पुस्तकबांधणीवाले अशा गठ्ठ्याला 'जुज' म्हणतात.

3. खळ. एक चमचा मैदा, पाच चमचे पाणी. गुठळ्या मोडून मंद आचेवर ढवळत राहा. पांढरेपणा जाऊन थोडी पारदर्शक, दाट झाली की उतरवा. थंड करून वापरा. दोन दिवसांत संपेल एवढीच करा, नंतर आंबते. सेलोटेप अजिबात वापरू नका. काही वर्षांत ती पिवळी पडते आणि डाग मागे ठेवते.

4. पुठ्ठा. जुन्या कॅलेंडरचा जाड कागद किंवा साडीच्या खोक्याचा पातळ पुठ्ठा घ्या. उघडलेल्या पानापेक्षा किंचित मोठा कापा, मधोमध दुमडा. वरून जुन्या सुती साडीचा तुकडा खळीने चिकटवा. रात्रभर जड पुस्तकांखाली ठेवा. ओला पुठ्ठा शिवू नका, तो वाकडा होतो.

5. शिवण. पुठ्ठ्यात पानं घाला, मधलं पान उघडा. घडीवर तीन भोकं पाडा : एक बरोब्बर मध्ये, एक वर, एक खाली. दाभण असेल तर उत्तम, नाहीतर जाड सुई. वहीच्या उंचीच्या तिप्पट दोरा घ्या, गोधडीचा असेल तर छान. त्यावर मेणबत्ती घासा. आता आतून मधल्या भोकातून बाहेर या, थोडा दोरा आत शिल्लक ठेवा. बाहेरून वरच्या भोकात जा. आतल्या बाजूने मधलं भोक सोडून थेट खालच्या भोकातून बाहेर या. पुन्हा बाहेरून मधल्या भोकात जा. आता दोन्ही टोकं आत आली. आतल्या लांब टाक्याच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक अशी टोकं ठेवा आणि टाका मध्ये धरून घट्ट गाठ मारा.

6. पोट सुटू देऊ नका. आत वस्तू चिकटवल्या की वही फुगते आणि शिवण ताणते. म्हणून दर दोन पानांनंतर एक पान मुळापाशी दोन बोटं ठेवून कापून टाका. ती रिकामी जागा पुढे चिकटवलेल्या वस्तू सामावून घेते. समास असा वहीच्या पोटातही सोडावा लागतो.

7. चिकटवण्यापेक्षा खिसे करा. जुनं पाकीट तीन बाजूंनी चिकटवलं की खिसा तयार. पोस्टकार्डं, तिकिटं त्यात ठेवा. मागची बाजूही वाचता आली पाहिजे, पोस्टकार्डाचा निम्मा मजकूर तर मागेच असतो.

8. लिहा. प्रत्येक वस्तूशेजारी तारीख, गाव आणि एक-दोन ओळी. मध्यम अक्षरात, चारी बाजूंनी दोन बोटं सोडून. हे शेवटचं काम सगळ्यात महत्त्वाचं आहे. नाव-गाव न लिहिलेली वस्तू पुढच्या पिढीत खरंच 'जंक' होते. छावणीच्या कागदाशेजारी मी लिहिलंय : "दुष्काळात आज्जी-आजोबा जनावरांबरोबर छावणीत राहिले. चारही जनावरं जगली."

एक सूचना. मशीनमधून निघालेली आताची एसटीची तिकिटं, दुकानांची बिलं उष्णतेने छापलेली असतात. काही महिन्यांत ती कोरी होतात. त्यावरचा मजकूर लगेच शेजारी पेन्सिलने उतरवून ठेवा. पंच मारलेलं जुनं तिकीट अजून वाचता येतं, आणि कालचं पुसट झालंय. अनित्यता शिकायला वेगळं प्रवचन कशाला!

देवाच्या चित्रांचं काय करायचं?

पत्रिकेवरचा गणपती, अगरबत्तीच्या पुड्यावरचे दत्तगुरू, जुन्या कॅलेंडरवरचा विठ्ठल. रद्दीत टाकवत नाही, घरात ठेवायला जागा नाही. मग लोक गुपचूप एखाद्या झाडाखाली ठेवून येतात, आणि पावसात ती चित्रं चिखलात जातात. हे आपल्या सगळ्यांच्या घरातलं दुखणं आहे.

मी असं करते. चित्र नीट कापून घेते आणि वहीच्या डाव्या पानावर, वरच्या भागात खळीने लावते. समोरच्या पानावर त्या पत्रिकेतल्या जोडप्याचं नाव आणि लग्नाची तारीख. रोज एक पान उघडायचं आणि त्या घरासाठी तेरा वेळा 'श्रीराम जय राम जय जय राम' म्हणायचं. पत्रिका प्रार्थनेची वही होते. ज्यांची आठवण वर्षानुवर्षं येत नाही, त्यांचंही नाव देवापुढे घेतलं जातं.

प्रसादाचं फूल, बेल, तुळस रद्दीच्या कागदात दाबून जड पुस्तकाखाली आठ-दहा दिवस ठेवा, पूर्ण वाळलं की मगच वहीत. ओलं ठेवलं तर बुरशी धरते. झेंडू जाड असतो, त्याच्या पाकळ्या सुट्या करून वाळवा. म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथावरचा गुलाल किंवा कुठलाही अंगारा पुडीसकट खिशात ठेवा, नाहीतर सगळी वही लाल होते. (झाली तरी ती लाली देवाचीच!)

थोडं सांभाळून

हे काम सुंदर आहे म्हणूनच त्यात एक मोह आहे. वही दाखवण्यासाठी होऊ लागते. मग आपण आठवणीपेक्षा फोटोत काय चांगलं दिसेल ते चिकटवायला लागतो. समर्थांनाही सुंदर वही हवी आहे बरं का. बघणाऱ्याला हेवा वाटावा इतकं छान लिहा, असं तेच सांगतात. पण त्याचबरोबर काया कष्टवायलाही सांगतात. आधी कष्ट, मग कीर्ती. तर कष्ट करताना नाम चालू ठेवा. टाका घालताना एक नाम, दोरा ओढताना एक नाम. हात गुंतलेले असले की मोबाईलही आपोआप लांब राहतो.

आणि हो, वही झाली की ती उघडी टाकू नका. सुती कापडाचं बासन शिवा, दोन कडुनिंबाची वाळलेली पानं आत ठेवा, कोरड्या जागी ठेवा. महिन्यातून एकदा बाहेर काढून वारा द्या.

आजची साधना

पूर्ण वही आज नको. आज तीन गोष्टी करा.

एक : दशक 19, समास 1 मोठ्याने वाचा.

दोन : घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला फोन करा, किंवा जवळ जाऊन बसा, आणि विचारा, "तुमच्याकडे जपून ठेवलेला एखादा कागद आहे का? त्याची गोष्ट सांगाल?" त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. डबा आपल्याला पुढेही मिळेल. गोष्ट सांगणारं माणूस असतानाच ती ऐकून घ्या.

तीन : एक कोरा कागद घ्या, पट्टीने चारी बाजूंनी दोन बोटांचा समास आखा आणि मधोमध मध्यम अक्षरात रामनामाची एक ओळ लिहा. हेच तुमच्या वहीचं पहिलं पान.

समर्था, आमच्या हातून होईल ते लिहवून घे. आयुष्य कडेकडेने झिजत राहणारच आहे. मधलं तुझं नाव तेवढं शाबूत राहू दे, आणि मागून येणाऱ्याला ते स्पष्ट वाचता येऊ दे.

॥ जय जय रघुवीर समर्थ ॥